ऑनलाइन एअर पिस्तूल मागवलं, पैसे गेले आणि वर "आर्म्स ॲक्टची केस करू" अशी धमकी. ठाणे, नवी मुंबईतल्या शूटिंगवाल्या मुलांच्या पालकांनी वाचा

कोलशेतची_आई

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा नववीत आहे, दीड वर्ष झालं १० मीटर एअर पिस्तूल शिकतोय. आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ ला कैरोला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड आणलं तेव्हापासून डोक्यात होतं त्याच्या, मग पॅरिसला मनू भाकरची दोन ब्राँझ आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचं ब्राँझ बघितल्यावर तर घरात दुसरा विषयच नाही. रेंजवरचं पिस्तूल चार मुलं मिळून वापरतात, सर म्हणाले आता स्वतःचं असलं तर बरं, ग्रिप हाताला बसते. चांगलं बाहेरच्या कंपनीचं पिस्तूल दीड-दोन लाखाच्या घरात जातं, आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

नवऱ्याने इंस्टावर जाहिरात बघितली. वेबसाइट एकदम व्यवस्थित होती, पत्ता वाशीचा, "१९८७ पासून विश्वासू" वगैरे लिहिलेलं, आणि तेच जर्मन पिस्तूल ६८ हजाराला, कारण काय तर प्रदर्शनात ठेवलेला पीस आहे. आधी १७ हजार ॲडव्हान्स यूपीआयने घेतले, आधार आणि पॅनचे फोटो घेतले, दोन दिवसांनी उरलेले ५१ हजार. मग ट्रॅकिंग नंबर आला, कुरियरची वेबसाइट पण उघडत होती, त्यावर पार्सल पुढे सरकताना दिसत होतं. मग म्हणे परत मिळणारं इन्शुरन्स १२,५००. तेही भरले.

आणि मग फोन आला की तुमचं पार्सल न्हावा शेवाला कस्टम्सने धरलंय, आत शस्त्र आहे, परवाना कुठाय, आर्म्स ॲक्टखाली आज रात्री उचलायला येतील. व्हॉट्सॲपवर कसलंतरी सही-शिक्क्याचं पत्र, त्यावर नवऱ्याचाच आधारचा फोटो चिकटवलेला. केस मिटवायला ४५ हजार मागितले आणि त्याने ते दिले. एकूण १,२५,५००.

हे सगळं मला नऊ दिवसांनी कळलं. नऊ दिवस तो माणूस जेवत नव्हता नीट, बेल वाजली की दचकायचा, मला वाटलं ऑफिसात काहीतरी झालंय. काल रात्री पुन्हा ३० हजार मागायला फोन आला तेव्हा मी शेजारी होते. त्याला खरंच वाटतंय की त्याने गुन्हा केलाय, पोलिसांकडे गेलो तर मलाच धरतील असं म्हणतोय, आणि ज्यांनी लुबाडलं त्यांना कुणीच काही विचारत नाहीये.

माझे दोन प्रश्न. एअर पिस्तूल मागवणं गुन्हा आहे का? आणि आता तक्रार केली तर काही उपयोग आहे का?

ऐरोली_नाका

ताई सगळ्यात आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, हा धागा नंतर वाचा. आत्ता लावा. नऊ दिवस झाले म्हणून राहू द्यायचं नाही, ४५ हजार सगळ्यात शेवटी गेलेत ना, ते कदाचित अजून कुठल्यातरी खात्यात पडून असतील. व्यवहाराचे यूटीआर नंबर (यूपीआय ॲपमध्ये प्रत्येक पेमेंटखाली बारा आकडी असतो तो), तारीख, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी एका कागदावर लिहून मगच फोन करा, ते तेच विचारतात. फोन लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर स्वतः भरा. आणि त्यांचा नंबर ब्लॉक करा पण चॅट डिलीट करू नका, बरेच जण रागात चॅट उडवून टाकतात आणि मग दाखवायला काहीच राहत नाही.

घोडबंदर_रेंज

मी मुलांना शिकवतो म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. नाही, गुन्हा नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये एअर वेपनसाठी दोन मर्यादा आहेत, बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास ०.१७७ इंच, आपलं ४.५ मिमी, आणि मझल एनर्जी म्हणजे नळीतून सुटताना छर्र्याचा जोर २० ज्यूल. या दोन्हीच्या आत असलं तर परवाना लागत नाही. १० मीटरच्या स्पर्धेचं पिस्तूल या २० ज्यूलच्या बरंच खाली असतं, कागदाच्या टार्गेटला नीट गोल भोक पाडण्याइतकाच जोर त्याला लागतो. दादांना हे आजच सांगा, माझ्याकडून सांगा हवं तर. मुलासाठी खेळाचं सामान घ्यायला गेले होते ते, शस्त्र घ्यायला नाही.

आमच्याकडे दर सीझनला एखाद-दुसरे पालक असे फसतातच आणि गप्प बसतात. मला कळतं ते सहा महिन्यांनी, ते पण मुलाच्या तोंडून. म्हणून मी आता नवीन बॅचला पहिल्याच दिवशी सांगतो की काहीही मागवायच्या आधी मला लिंक दाखवा, मला राग येणार नाही.

नेरुळ_लोकल

मी न्हावा शेवाला कस्टम्स ब्रोकरकडे अकरा वर्षं काम करतोय, त्यामुळे हे वाचून फार राग आला. त्या फोनमधली एकही गोष्ट खरी नाही, सविस्तर सांगतो म्हणजे दुसरं कुणी फसायला नको.

एक तर न्हावा शेवा हे कंटेनरचं बंदर आहे. घरगुती ग्राहकाचं एक पार्सल परदेशातून कुरियरने येतं ते विमानाने येतं, ते बंदरावर "अडकत" नाही. आणि वाशीचं दुकान वाशीतला डिस्प्ले पीस कोलशेतला पाठवतंय तर मधे कस्टम्स आलंच कुठून? ठाणे खाडी ओलांडायला कस्टम्स लागत नाही. पण घाबरलेल्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही, त्यांना तेच हवं असतं.

दुसरं, ड्युटी किंवा दंड कुठल्याच अधिकाऱ्याच्या यूपीआयवर भरत नाहीत. चलन निघतं, आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर भरलं जातं, पावती निघते. तिसरं म्हणजे नोव्हेंबर २०१९ पासून कस्टम्सच्या समन्सवर, चौकशीच्या पत्रावर डीआयएन नंबर (त्या कागदाचा ओळख क्रमांक) असतो आणि तो सीबीआयसीच्या म्हणजे कस्टम्सच्या केंद्रीय मंडळाच्या वेबसाइटवर कुणीही टाकून तपासू शकतं की पत्र खरं आहे का. तुमच्याकडे आलेल्या पत्रावर आहे का बघा. नसेल तर तेच तक्रारीत लिहा, असेल तर टाकून बघा.

कोलशेतची_आई

१९३० ला तिसऱ्या प्रयत्नात लागला. तक्रार घेतली, नंबर मेसेजवर आला. घोडबंदर_रेंज सर, तुमची पोस्ट त्याला मोठ्याने वाचून दाखवली. काही बोलला नाही पण पोळी खाल्ली दोन.

पत्रावर डीआयएन असं काहीच नाहीये. "कस्टम" स्पेलिंग पण दोन ठिकाणी वेगवेगळं आहे, आम्हाला तेव्हा दिसलंच नाही.

वाशी१७

मी जवळच राहतो, संध्याकाळी चालायला जातो तेव्हा त्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर जाऊन आलो. सेक्टर १७ मधला गाळा आहे खरा, पण तिथे ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे आणि त्या काकांना यातलं काहीच माहीत नाही. ते म्हणाले गेल्या पंधरवड्यात तुम्ही तिसरे. एक माणूस तर डोंबिवलीहून मुलाला घेऊन आला होता रायफल बघायला. काकांनी आता काचेवर कागद लावलाय की इथे एअरगनचं दुकान नाही.

घरी येऊन वेबसाइटच्या खालचा जीएसटी नंबर बघितला. तो ०९ ने सुरू होतोय. महाराष्ट्राचा कोड २७ आहे, ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला, लॉगिन लागत नाही, कुणालाही बघता येतं, तर तो नंबर एका धान्याच्या व्यापाऱ्याचा निघाला, म्हणजे त्या बिचाऱ्याचं पण नाव वापरलंय. आणि डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव कधी घेतलंय ते हूइज या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर फुकट कळतं, १९८७ पासूनच्या या दुकानाचं डोमेन सात आठवड्यांपूर्वीचं आहे.

कळवा_८७

बाकी सगळं ठीक आहे पण मूळ चूक लोभाची नाही का? दीड लाखाची वस्तू ६८ हजारात कोण देतं. आपणच विचार करायला पाहिजे ना, मग पोलिसांनी काय काय करायचं.

घोडबंदर_रेंज

कळवा, नाही पटत. या खेळात वापरलेलं पिस्तूल अर्ध्या किमतीत मिळणं ही रोजची गोष्ट आहे. मुलगा बारावीला खेळ सोडतो, पिस्तूल विकायला निघतं, आमच्या ग्रुपवर दर महिन्याला एखादं येतं. त्यामुळे ६८ हजार हा आकडा अशक्य नव्हता, जाणूनबुजून तसा ठेवलेला होता. हे लोक खेळ ओळखून भाव ठरवतात. २० हजार लिहिलं असतं तर दादांनी पान बंद केलं असतं.

मध्यमवर्गीय घरातला बाप मुलासाठी पैसे वाचवायला बघतो त्याला लोभ म्हणू नका.

कळवा_८७

हे मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो, ताई माफ करा.

डॅलसहून

मूळचा चरईचा, आता टेक्ससला. इथे तर हा धंदा खूप मोठा आहे, आणि इथे खऱ्या बंदुकांच्या नावाने चालतो. २०२० मध्ये दुकानांत काडतुसं मिळेनाशी झाली होती तेव्हा तर पीकच आलं होतं असल्या वेबसाइटचं, सगळीकडे आउट ऑफ स्टॉक आणि यांच्याकडे मात्र हवं ते हजर. बऱ्याचदा खरं दुकान बंद पडतं, डोमेनचं नूतनीकरण राहून जातं, तेच नाव हे लोक उचलतात. जुन्या गिऱ्हाइकाला वाटतं आपलंच दुकान.

इथला कायदा असा की ऑनलाइन दुकानातून बंदूक घेतली तरी ती घरी येत नाही, तुमच्या जवळच्या परवानाधारक डीलरकडे येते, एफएफएल म्हणतात त्याला. तिथे जाऊन ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक व्हायचा, मग हातात. त्यामुळे "थेट घरपोच, एफएफएल नको" असं लिहिलेलं दिसलं की समजायचं. डीलरचा परवाना नंबर एटीएफच्या (बंदुकांवर देखरेख ठेवणारं इथलं सरकारी खातं) ईझी चेक वर तपासता येतो. आणि ही दुकानं कार्ड घेत नाहीत, झेल, कॅश ॲप ही पैसे पाठवायची ॲप्स आणि बिटकॉइन एवढंच, कारण कार्डावर चार्जबॅक म्हणजे पैसे परत मागता येतात आणि बाकीच्यात पैसा गेला की गेला. आपल्याकडच्या "फक्त यूपीआय, कार्ड मशीन बंद आहे" ला पण तेच कारण असणार.

एक गोष्ट मात्र तिकडे आणि इकडे सारखीच. इथे पण फसलेले लोक बोलत नाहीत. माझ्या ऑफिसातल्या एकाचे १४०० डॉलर गेले, त्याला नंतर मेल आला की तू बेकायदा बंदूक मागवलीस, एफबीआयला कळवू, अजून ९०० दे. त्याने दिले.

पनवेल_शेतकरी

माझ्याकडे बारा बोअरची परवान्याची बंदूक आहे, वडिलांपासून, शेताला रानडुकरांचा त्रास. फेसबुकवर हल्ली खऱ्या पिस्तुलाच्याही जाहिराती येतात म्हणून लिहितोय. कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरचे, .३२ च्या अशनी पिस्तुलाचे फोटो टाकतात आणि ३५ हजारात घरपोच म्हणतात. बाबांनो, खरं शस्त्र असं येत नाही. आधी परवाना, शहरात पोलीस आयुक्त देतात म्हणजे ठाण्याला ठाणे आयुक्तालय आणि नवी मुंबईला नवी मुंबईचं, गावाकडे जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण पाहिजे. चौकशी होते, स्टेशनवरून माणूस घरी येऊन जातो, शेजाऱ्यांना विचारतो. परवान्याला यूआयएन नंबर असतो, देशभराच्या एनडीएएल डेटाबेसमध्ये नोंद असते. मग परवाना घेऊन स्वतः अधिकृत दुकानात जायचं, तो परवान्यावर शस्त्राचा नंबर चढवतो. निवडणूक लागली की आम्ही बंदूक पोलीस स्टेशनला जमा करतो आणि पावती घेतो, इतकं काटेकोर आहे हे. यातलं काय व्हॉट्सॲपवर होणार आहे?

"परवानापण आम्हीच काढून देतो, ऑल इंडिया" म्हणणारे वेगळेच. जम्मू-काश्मीरमधून २०१२ ते २०१६ मध्ये दिलेल्या परवान्यांचं प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं, तसल्या कागदावर कुणी पैसे घालू नका.

मुंब्रा_बायपास

नवीन आयडीने लिहितोय, माफ करा. माझ्या ओळखीच्या एकाने (खरंच ओळखीचा, मी नाही) असंच फेसबुकवरून खरं पिस्तूल मागवलं, परवाना नसताना. २२ हजार गेले, वस्तू आली नाही, आता रोज फोन येतो की तुझं चॅट पोलिसांना देतो. आत्तापर्यंत ८० हजार दिलेत. तो तर तक्रारच करू शकत नाही ना?

पामबीच_वकील

दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत, वेगळी ठेवूनच उत्तर देतो.

कोलशेतच्या ताईंचं: तुमचे मिस्टर पूर्णपणे तक्रारदार आहेत. समोरच्यावर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, धमकावून पैसे उकळले म्हणून ३०८, सरकारी अधिकारी असल्याची बतावणी केली म्हणून २०४, आणि आयटी ॲक्टचं ६६ ड. १९३० ची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवा. ती पैसे गोठवायला आहे. एफआयआरसाठी पोलीस स्टेशनला जाऊन जबाब द्यावा लागेल, आणि "ही हद्द आमची नाही" असं म्हटलं तर झिरो एफआयआर नोंदवा म्हणून सांगा, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. बँकेला पण लेखी कळवा. पण अपेक्षा योग्य ठेवा, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं जे परिपत्रक लोक दाखवतात ते आपण न केलेल्या व्यवहारांचं आहे, इथे पिन स्वतः टाकलाय त्यामुळे बँक भरपाई देईल असं मी सांगणार नाही. जे मिळेल ते पुढच्या खात्यात गोठलेलं तेवढंच.

आधार-पॅनची कॉपी त्यांच्याकडे आहे याचं काय केलंत? आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आणि दर महिन्याला क्रेडिट रिपोर्ट बघा, त्या पॅनवर कर्ज निघालेलं मी पाहिलंय.

मुंब्रा_बायपास: परवान्याशिवाय बंदूक बाळगणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांचा गुन्हा आहे आणि मागवण्याचा प्रयत्न ही हलकी गोष्ट नाही, त्यामुळे "काही होत नाही, जा" असं मी म्हणणार नाही. आधी वकिलाला भेटा, सगळं खरं सांगा, मग वकिलासोबत जा. पण पैसे देणं आजपासून बंद. ८० हजाराने चॅट पुसलं गेलं का? नाही. दिलेल्या प्रत्येक रकमेने त्यांना एवढंच कळतं की हा अजून घाबरलेला आहे. ओळखीचा असो की स्वतः, मला मेसेज करा, पहिल्या भेटीची फी घेणार नाही. त्याच्या घरी कुणाला माहीत आहे का हेही विचारा, एकट्याने हे ओझं वाहू नये.

मुंब्रा_बायपास

मेसेज केलाय सर.

नेरुळ_लोकल

वकील साहेब, हे बरं केलंत.

ताई, एक राहिलं. त्या कुरियरच्या वेबसाइटचा पण पत्ता तक्रारीत द्या, ती पण त्यांचीच असणार. खऱ्या कुरियरचा ट्रॅकिंग नंबर त्या कंपनीच्या मूळ वेबसाइटवर चालतो, यांचा फक्त त्यांनी पाठवलेल्या लिंकवरच चालतो. दोन्ही डोमेन एकाच आठवड्यात घेतलेली निघाली तर तपासाला चांगला धागा आहे.

वाशी१७

बघितलं मी आत्ता. तीन दिवसांचं अंतर आहे दोन्हींत.

आणि अजून एक, ताईंच्या स्क्रीनशॉटमधला पिस्तुलाचा फोटो उलटा शोधला (इमेज टाकून शोधतात तसा), तो एका जर्मन लिलावाच्या पानावरचा आहे. तोच फोटो आणखी दोन दुकानांवर सापडला, एकाचा पत्ता बेलापूरचा आणि दुसऱ्याचा नाशिकचा. लिंक इथे देत नाही, कुणी चुकून क्लिक करेल. १९३० वाल्या तक्रारीला जोडायला ताईंना वेगळ्या पाठवल्यात, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या चक्षूवर (संशयित फोन-मेसेज कळवायची सोय) त्यांचे नंबर टाकलेत. बेलापूरच्या पत्त्यावर रविवारी जाऊन येतो.

कोलशेतची_आई

अपडेट. चार दिवस लिहायला जमलं नाही.

शेवटच्या ४५ हजारातले ३१ हजार दुसऱ्या बँकेच्या एका खात्यात गोठलेत असा मेसेज आला. बाकीचे एटीएममधून निघालेत. आधीचे ८० हजार गेल्यातच जमा आहेत असं पोलीस स्टेशनमधल्या मॅडम स्पष्टच म्हणाल्या, उगाच आशा लावली नाही ते मला आवडलं. त्या मॅडमनी एअर पिस्तूल ऐकल्यावर पहिलं वाक्य काय म्हटलं असेल तर "मुलगा कितवीत आहे, किती स्कोअर करतो?" नवरा नऊ दिवस ज्या दारापासून लांब पळत होता तिथे त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तो तिथे रडला. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी पहिल्यांदा बघितलं.

मुलाला आम्ही सांगितलं नव्हतं, पण कळलंच त्याला. तो म्हणाला मला रेंजचंच चालतं, उलट त्याची ग्रिप मी पॉलिशपेपरने थोडी घासून घेतलीय सरांना विचारून. घोडबंदर_रेंज सर, तुमच्या ग्रुपवर वापरलेलं पिस्तूल आलं तर सांगाल का, घाई नाही, पुढच्या वर्षी बघू, आणि समोर बसून बघूनच घेऊ.

वाशी१७ दादा, तुम्ही पाठवलेल्या दोन लिंक मॅडमनी लिहून घेतल्या. डोंबिवलीचे ते गृहस्थ कुणाला माहीत असतील तर त्यांना हा धागा पाठवा, त्यांचीही तक्रार असली तर एकत्र जोडता येईल म्हणाल्या.

उद्या अकराला सविस्तर जबाब आहे. बँक स्टेटमेंट आणि चॅटच्या प्रिंट हव्यात, ४६ पानं झालीत, तो स्वतःच काढायला गेलाय आत्ता.

घोडबंदर_रेंज

नक्की सांगतो ताई. आणि शनिवारी दादांना पण रेंजवर घेऊन या, मुलगा ३६० च्या जवळ मारतोय हल्ली, त्यांनी एकदा मागे उभं राहून बघायला पाहिजे.